राखलेल्या खडकाची पिल्लं जातात कुठे?

तारकर्लीला पर्यटकांना स्कूबासाठी नेणाऱ्या एका तरुणाने विचारलं आहे: "प्रवाळातल्या माशांची पिल्लं प्रवाहाबरोबर वाहत जातात आणि आमच्या खडकांवरचे मासे मुळात अँग्रिया बँकेवरून येतात, असं ऐकलं. हे खरं का? खरं असेल तर आम्ही आमचा खडक राखून काय उपयोग? आमची पिल्लं दुसरीकडे जाणार, आमच्याकडे दुसऱ्याची येणार."

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण तुम्ही उद्या काय करायचं ते त्यावर ठरणार आहे. उपयोग आहे, आणि तो तुमच्याच खडकाला आणि तुमच्या शेजारच्यांना आहे. पिल्लं वाहून जातात ही अर्धीच गोष्ट झाली. उरलेली अर्धी हाती लागायला १९९९ साल उजाडावं लागलं, तेव्हा तुमची शंका अगदी रास्त आहे.

खडकावरचा मासा मोठा झाला की जागा सोडत नाही. क्लाउनफिश आपल्या समुद्रफुलापासून दोन हातांपलीकडे जात नाही, गोब्रा आपली कपार धरून असतो. फिरस्तीचे दिवस काय ते लहानपणीचे. अंड्यातून बाहेर पडलेलं पिल्लू दोन-तीन मिलिमीटरचं, काचेसारखं आरपार दिसणारं असतं. खडकाजवळ खाणारी तोंडं फार, म्हणून ते उघड्या पाण्यात निघून जातं आणि तिथेच प्लवकांवर वाढतं. पुस्तकात त्याला डिंभक म्हणतात, मी पिल्लूच म्हणणार आहे. हा पाण्यातला मुक्काम प्रत्येक जातीचा वेगळा. क्लाउनफिशचा जेमतेम अकरा दिवसांचा, बऱ्याचशा डॅमसेल माशांचा तीन आठवड्यांच्या आसपास, सर्जनफिशचा दीड-दोन महिन्यांचा. सुरुवातही सारखी नाही. क्लाउनफिश आणि डॅमसेल अंडी खडकाला चिकटवतात आणि नर ती राखत बसतो. गोब्रा मात्र अंडी पाण्यात सोडून देतो. ती मिलिमीटरभराची अंडी तरंगत जातात आणि साधारण एका दिवसात फुटतात. म्हणजे गोब्र्याचं पिल्लू जन्मायच्या आधीच प्रवासाला लागलेलं असतं.

आता तुम्ही ऐकलेला हिशेब मांडून पाहू. प्रवाह सेकंदाला दहा सेंटीमीटर धरला, जो काही फार वेगाचा नाही, तर दिवसाला साडेआठ किलोमीटर होतात आणि तीस दिवसांत अडीचशेच्या पुढे. अँग्रिया बँक विजयदुर्गच्या पश्चिमेला साधारण १०५ किलोमीटरवर आहे. कान्होजी आंग्र्यांचं नाव मिळालेलं ते बुडालेलं पठार, माथ्यावर जेमतेम वीस मीटर पाणी. तिथून निघालेलं पिल्लू महिन्याभरात मालवणला पोचायला अंतराची अडचण काहीच नाही. अडचण आहे ती दिशेची. आपल्या किनाऱ्याचा मुख्य प्रवाह किनाऱ्याला समांतर वाहतो, पावसाळ्यात दक्षिणेकडे आणि हिवाळ्यात उत्तरेकडे. पठारावरून सरळ पूर्वेला, किनाऱ्याच्या दिशेने, नेऊन सोडणारी वाट त्यात नाही. मधल्या भोवऱ्यांत आणि वाऱ्याच्या ओढीत काही पिल्लं किनाऱ्याकडे सरकू शकतात. पण त्यांच्या भरवशावर मालवणचा खडक दर वर्षी भरेल असं मी कुणालाही सांगणार नाही.

शिवाय हा सगळा हिशेब पिल्लाला बाटलीतल्या बुचासारखं धरून केलेला असतो. मी स्वतः अनेक वर्षं तसाच करत होतो. शिकत असताना आम्ही प्रवाह पाहायला होडीतून संत्री सोडायचो. संत्रं जवळजवळ पूर्ण बुडून तरंगतं, त्यामुळे वारा त्याला ढकलत नाही, पाणी नेईल तिकडे जातं. एका बेटाजवळ सोडलेली आमची संत्री दुपारपर्यंत बेटामागे गरगरत राहिली आणि संध्याकाळी ओहोटीबरोबर बाहेर निघून गेली. वहीत मी लिहिलं, "या खडकाची पिल्लं इथे राहत नाहीत." दीड महिन्याने त्याच खडकावर नखाएवढी डॅमसेल झुंडीने दिसली. मी ती वरच्या प्रवाहातल्या दुसऱ्या कुठल्या तरी खडकाची म्हणून नोंदली. दुसरा विचारच मनात आला नाही. त्या काळी आम्ही सगळे असाच विचार करत होतो, कारण पिल्लाच्या अंगावर पत्ता लिहिलेला नसतो.

पत्ता लिहिता येतो, हे ऑस्ट्रेलियात ग्रेट बॅरियर रीफच्या लिझर्ड बेटावर सिद्ध झालं. जेफ्री जोन्स आणि सहकाऱ्यांनी एक कोटीहून जास्त डॅमसेल अंडी, ती खडकाला चिकटलेली असतानाच, टेट्रासायक्लिनच्या पाण्यात ठेवून खुणावली. हे औषध पिल्लाच्या कानातल्या खड्यात बसतं आणि विशिष्ट प्रकाशात चमकतं. घोळ किंवा ढोमा खाणाऱ्यांना हा खडा ठाऊक आहे. डोकं फोडलं की दोन पांढरे दगड हाताला लागतात, तेच हे. बहुतेक सगळ्या माशांना ते असतात, फक्त लहान माशात वाळूच्या कणाहूनही बारीक. नंतर बेटावर आलेली पाच हजार पिल्लं त्यांनी तपासली आणि खूण सापडली अवघ्या पंधरांत. आकडा क्षुल्लक वाटतो ना? पण बेटाभोवतीच्या एकूण अंड्यांपैकी त्यांनी खुणावली होती अर्धा ते दोन टक्के. त्या प्रमाणात पाहिलं, तर बेटावर आलेल्यांपैकी १५ ते ६० टक्के पिल्लं त्याच बेटाची निघतात. १९९९ साली हे छापून आलं आणि आमच्या डोक्यातला नकाशा बदलला. त्याच वर्षी कॅरिबियनमधल्या सेंट क्रॉय बेटावरच्या रास माशाच्या कानातल्या खड्यांचं रसायन तपासूनही हीच दिशा दिसली.

पुढे पापुआ न्यू गिनीतल्या किंबे उपसागरात याहून बारीक काम झालं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात माद्यांनाच बेरियमचा एक विरळा प्रकार टोचला. आईच्या अंगातून तो अंड्यात उतरतो आणि पिल्लाच्या कानातल्या खड्याच्या अगदी गाभ्यात जाऊन बसतो. किंबे बेटाचा खडक ०.३ चौरस किलोमीटरचा, म्हणजे आपल्याकडचं एखादं लहान गाव. तिथे येऊन स्थिरावलेल्या क्लाउनफिशच्या पिल्लांपैकी सुमारे साठ टक्के त्या खडकाचीच निघाली. क्लाउनफिश अकरा दिवसांत परततो, म्हणून एक वेळ हे पटतं. पण त्यांनी सोबत एका बटरफ्लायफिशचाही अभ्यास केला होता. त्याची पिल्लं महिन्याहून जास्त काळ उघड्या समुद्रात असतात, आणि त्यांचंही उत्तर जवळपास तेवढंच आलं. महिनाभर समुद्रात राहून त्याच इवल्या खडकावर परत. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा ते पान दोनदा वाचलं.

हे घडतं कसं, हा माझा सगळ्यात आवडता विषय आहे, म्हणून इथे थोडा रेंगाळतो.

समुद्र सगळीकडे एकाच वेगाने वाहत नाही. उथळ खडकांजवळ पाणी घासत जातं आणि मंदावतं. बेटाच्या आडोशाला भोवरे बसतात. ओहोटीने बाहेर नेलेलं पाणी भरतीने बरंचसं परत येतं. वाऱ्याची ओढ वरच्या काही मीटरांना जास्त आणि खाली कमी, त्यामुळे पृष्ठभागावरचं पाणी एकीकडे आणि पंधरा-वीस मीटरांवरचं दुसरीकडे, असं बऱ्याचदा असतं. पावसाळ्यात आपल्याकडे तर खंडउताराजवळ, म्हणजे समुद्राचा तळ एकदम खोल उतरतो तिथे, वरचा प्रवाह दक्षिणेला आणि खोलवरचा उत्तरेला वाहतो. तो खालचा प्रवाह बहुतेक पिल्लांच्या आवाक्याबाहेर खोल आहे, पण समुद्र थराथरांचा असतो हे त्यातून दिसतं. आता पिल्लाला जर थर बदलता आला, तर ते न पोहताही दिशा बदलू शकतं. आणि त्याला तो बदलता येतो. वाढीच्या पहिल्या काही दिवसांतच ते वर-खाली जायला लागतं. बऱ्याच जातींची पिल्लं वयाबरोबर खालच्या थरात उतरतात, जिथे ओढ कमी असते. तुमच्या भागातले जुने तांडेल उधाण-भांगाचं गणित मांडून जाळं सोडतात. पिल्लंही त्याच पाण्याचा उपयोग करून घेतात.

शिवाय ती पोहतात, आणि चांगली पोहतात. लिझर्ड बेटावरच स्थिरावण्याच्या बेतात आलेली पिल्लं पकडून, वाहत्या पाण्याच्या नळीत, सेकंदाला साडेतेरा सेंटीमीटरच्या प्रवाहाविरुद्ध ठेवली गेली. खाणं नाही, थांबणं नाही. सर्जनफिशची पिल्लं सरासरी आठ दिवस पोहत राहिली, म्हणजे नव्वद किलोमीटरहून जास्त. लांबी इंचभर. जेफ्री लाइस आणि सहकारी तर पाणबुड्याच्या वेशात उघड्या निळ्या पाण्यात एकेका पिल्लामागे पोहत गेले. त्यांना सरासरी वेग सेकंदाला वीस सेंटीमीटरच्या आसपास मिळाला. किनाऱ्याजवळचे कितीतरी प्रवाह याहून मंद असतात. पहिल्या आठवड्यातलं पिल्लू मात्र यातलं काही करू शकत नाही. तेव्हा ते खरंच प्रवाहाच्या स्वाधीन असतं, आणि नेमकी तेव्हाच सगळ्यात जास्त मरतात.

मग घर शोधायचं कसं? कानाने आणि नाकाने. खडक गोंगाट करतो. झिंग्यांची कटकट, माशांची घरघर, चावण्याचे आवाज, सगळं मिळून तव्यावर काहीतरी तडतडतंय असं ऐकू येतं. डोकं पाण्याखाली घातलंत की तुम्ही रोज ऐकता तेच. लिझर्ड बेटावर वाळूत प्रवाळाच्या तुकड्यांचे २४ छोटे ढीग रचले आणि काहींवर खडकाचा ध्वनिमुद्रित आवाज रात्री लावला. आवाजाच्या ढिगांवर जास्त पिल्लं उतरली. हे २००५ साली प्रसिद्ध झालं. वास तर आणखी नेमका. वन ट्री बेटावरच्या कार्डिनलफिशच्या पिल्लांना निरनिराळ्या खडकांचं पाणी देऊन पाहिलं, तेव्हा त्यांनी आपल्या घरच्या लगूनचं, म्हणजे प्रवाळखडकाच्या आतल्या उथळ तळ्याचं, पाणी निवडलं.

ही पिल्लं येतात कशी, ते मी लक्षद्वीपला अगत्तीच्या लगूनमध्ये पाहिलं. आमचा प्रकाश-सापळा म्हणजे पारदर्शक प्लास्टिकची पेटी, बाजूंना आत निमुळत्या होत गेलेल्या फटी, आत दिवा. ती मीटरभर खाली टांगायची आणि फटफटायच्या आत उचलायची. अमावस्येची रात्र होती, भरती चढत होती, बाहेरच्या खडकाच्या माथ्यावरून लाटा आत येत होत्या. पहाटे पेटी बादलीत रिकामी केली आणि पाण्यात काहीच दिसेना. नुसते डोळे. जोडी-जोडीने काळे ठिपके तरंगत होते आणि प्रत्येक जोडीमागे पोटाचा एक चंदेरी ठिपका. बादलीत हात घातला तेव्हा कळलं की रुपयाच्या नाण्याएवढ्या, काचेच्या चकत्यांसारख्या माशांनी ती भरलेली आहे. पट्टेवाल्या सर्जनफिशची पिल्लं, दीड-दोन महिन्यांचा प्रवास करून आलेली. आम्ही त्यांतली काही बादलीतच ठेवली. दुपारपर्यंत अंगावर राखाडी झाक आली आणि दुसऱ्या दिवशी काळे उभे पट्टे स्पष्ट दिसू लागले. शरीराच्या आत त्याच काळात आतडं लांबत असतं, कारण आता प्लवक सोडून शेवाळ खायचं. एका रात्रीत समुद्रातला मासा खडकाचा होतो. ते मी पंचवीस वर्षं पाहतो आहे, पण हात अजूनही सावकाश चालतात.

त्याच पिल्लाच्या कानातला खडा काढून काचपट्टीवर चिकटवतो आणि अगदी मऊ घासणीने, पाण्याचे थेंब टाकत, गाभा दिसेपर्यंत घासतो. एक घासा जास्त झाला की गाभा गेला आणि मासा वाया गेला. सूक्ष्मदर्शकाखाली झाडाच्या खोडासारखी वलयं दिसतात, रोजचं एक. एका ठिकाणी वलयांची ठेवण एकदम बदलते. तो खडकावर उतरल्याचा दिवस. गाभ्यापासून तिथपर्यंत मोजलं की समुद्रातले दिवस मिळतात. ही वही मासा स्वतःच लिहीत असतो.

आता दूर जाणाऱ्यांबद्दल, कारण तीही खरी गोष्ट आहे. ओमानच्या दक्षिण किनाऱ्यावर एक क्लाउनफिश आहे, जगात दुसरीकडे कुठेच नाही. त्याच्या दोन वस्त्यांमध्ये सुमारे चारशे किलोमीटर अंतर. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन्हीकडच्या माशांची जनुकं तपासली, तर एकीकडे जन्मून दुसरीकडे स्थिरावलेले मासे सापडले. स्थानिकांशी जमून झालेली त्यांची संततीही सापडली. आपल्याच अरबी समुद्रातलं हे उदाहरण आहे. हवाईत यलो टँग या माशाची पिल्लं आईबापांपासून १५ ते १८४ किलोमीटरांवर मिळाली. तेव्हा प्रवाह नेतो, दूर नेतो, यात शंका नाही.

पण इथे एक घोळ नेहमी होतो, आणि तो शिकलेली माणसंही करतात. दोन खडकांच्या माशांची जनुकं सारखी निघाली की "हे खडक एकमेकांना मासे पुरवतात" असं म्हटलं जातं. जनुकं सारखी राहायला पिढीमागे मोजकी पिल्लं इकडून तिकडे गेली तरी भागतं. उपसलेला खडक पुन्हा भरायला हजारो लागतात. गावात दर पिढीला बाहेरगावच्या चार सुना आल्या तर नाती दूरवर पसरतात, पण गावची लोकसंख्या त्या चौघींवर चालत नाही. अँग्रिया बँक आणि मालवण यांचं नातं कधी जनुकांतून दिसलंच, तरी त्यावरून "मालवणचे मासे तिकडून येतात" असं म्हणू नका.

तुम्हाला कामाला येईल असं उदाहरण केपल बेटांचं आहे, पुन्हा ग्रेट बॅरियर रीफवरचं. तिथला कोरल ट्राउट म्हणजे आपल्या गोब्र्याच्याच कुळातला मासा. बेटांभोवतीच्या खडकांपैकी २८ टक्के भागात मासेमारी बंद आहे. शेकडो पिल्लांची आईबापांशी जनुकीय जुळणी केली, तेव्हा आसपास तीस किलोमीटरांत स्थिरावलेल्या पिल्लांपैकी जवळजवळ निम्मी या २८ टक्क्यांतून आलेली निघाली. त्यातली बरीच मासेमारी चालू असलेल्या खडकांवर उतरली होती, शेजाऱ्यांच्या गळाला लागायला. हे २०१२ साली प्रसिद्ध झालं. एवढ्याशा भागातून एवढी पिल्लं येतात, कारण राखलेल्या जागेत मासे संख्येने जास्त आणि आकारानेही मोठे असतात. मादीचं वजन दुप्पट झालं की अंडी दुपटीपेक्षा जास्त होतात. पाच लहान गोब्रे सोडून एक मोठा मारला तर फारसं बिघडत नाही, हा समज म्हणून चुकीचा आहे. त्यात गोब्रा आधी मादी असतो आणि मोठा झाल्यावर नर होतो, तेव्हा मोठे संपले तर नरही संपतात.

मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं आणि मच्छीमारांचा त्याला विरोध राहिला. मला त्या विरोधामागची भीती समजते. पोटाचा प्रश्न आहे, आणि "तुमची जागा बंद" असं कुणी वरून सांगितलं तर मीही चिडेन. माझं म्हणणं इतकंच की केपलचे आकडे आधी रापणकरांसमोर आणि गिलनेटवाल्यांसमोर ठेवावेत. कुठला खडक राखायचा आणि किती दिवस, हे त्यांनी बसून ठरवावं. माशांची जत्रा कुठे भरते, कुठल्या तिथीला भरते, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. अंडी सोडायला गोळा झालेल्या गोब्र्यांवर त्या आठवड्यात जाळं पडलं नाही, तर तेवढ्यानेही मोठा फरक पडतो.

पाणी तापण्याबद्दलही विचारतात. उबदार पाण्यात पिल्लं लवकर वाढतात, म्हणजे समुद्रातला मुक्काम आखूड होतो आणि प्रवासही. खडक एकमेकांपासून तुटायला लागतील, ही काळजी खरी आहे. आणखी एक सांगतो. शांत दिवशी पाण्यावर लांबच लांब गुळगुळीत, तेलकट दिसणारे पट्टे तुम्ही पाहिले असतील. पाण्याच्या आतल्या लाटांमुळे पृष्ठभागावरचं सगळं तिथे गोळा होतं. हवाईत अशा पट्ट्यांत माशांची पिल्लं दाट सापडली आणि त्यांच्याबरोबर प्लास्टिकचे कण त्याहूनही कितीतरी दाट.

तुम्ही रोज पाण्यात उतरता, ते मला आता जमत नाही. म्हणून एक काम सांगतो. होडीत एक वही ठेवा. खडकाला धरून राहणारी नखाएवढी डॅमसेल पहिल्यांदा झुंडीने दिसली की तारीख, तिथी, भरतीची वेळ आणि जागा लिहा. समजा ती १५ नोव्हेंबरला दिसली. त्यातून समुद्रातले वीस दिवस वजा करा: २६ ऑक्टोबर, अंडी फुटल्याचा दिवस. अंडी नराने चार-पाच दिवस राखली असणार, म्हणजे ती घातली २१-२२ ऑक्टोबरच्या सुमारास. आता मागची पानं उलटा आणि पाहा, त्या दिवसांत तुमच्याच खडकावर जांभळट अंड्यांचे चट्टे आणि त्यावर पहारा देणारे नर दिसले होते का. पाणी तेव्हा कुठल्या दिशेला ओढत होतं, तेही त्याच पानावर लिहिलेलं असू दे. दोन हंगामांची अशी वही झाली की मला कळवा. मी सूक्ष्मदर्शक घेऊन तारकर्लीला येतो.